कापणीच्या दिवसांतली ड्युटी

दिवाळी जवळ आली की आमच्या वॉर्डात भाताच्या पेंढ्याचा वास येऊ लागतो. तो खिडकीतून येत नाही. खिडकीतून येतो तो डिझेलचा आणि पलीकडच्या लूमवरच्या सुताचा. पेंढ्याचा वास येतो माणसांच्या अंगावरून. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, केसांत भाताची कुसं अडकलेली, पोटऱ्यांवर खाजवल्याच्या पांढऱ्या रेघा, असा कुणीतरी दारात उभा राहतो, डावा हात उजव्या हातात घट्ट धरलेला असतो आणि म्हणतो, "सिस्टर, विळा लागला." मग मला कळतं की शेतं पिवळी झाली, कापणी सुरू झाली.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या लोकांना लूमचा खडखडाट आणि मानकोलीची गोदामं एवढंच आठवतं. पण त्या गोदामांच्या मागे, दोन पत्र्याच्या शेडच्या मधे, रस्त्याच्या भरावाखाली उरलेल्या तुकड्यात अजून भात पिकतं. दिघाशीकडे गेलात तर बरंच पिकतं. जमीन विकून चारचाकी घेतलेली माणसंसुद्धा घरापुरता एक तुकडा राखून असतात आणि कापणीला गोदामातून रजा टाकतात. ह्या दिवसांत आमच्याकडे येणारी बोटं बहुतेक डाव्या हाताची असतात, कारण विळा उजव्यात आणि भाताची मूठ डाव्यात. जखमेवर हळद असते, चुना असतो, एकाने तर टूथपेस्ट लावून आणली होती. "थंड वाटतंय म्हणून लावली," म्हणाला. मी आधी बोलते, मग जखम धुते, मग टाक्यांसाठी डॉक्टरांना हाक मारते. बोलण्याचा सरकारला काही खर्च नाही, तेव्हा ते मी सढळ हाताने देते.

आणि ह्याच दिवसांत साप. कापलेल्या भाताखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. आमच्याकडे अशी पद्धत आहे की साप चावला तर पेशंटबरोबर सापालाही आणायचं. कुणी लोणच्याच्या बरणीत आणतं, कुणी गोदामातल्या पॅकिंगच्या पिशवीत. एकदा ड्रेसिंगच्या टेबलावर ठेवलेली अशी पिशवी हलायला लागली. मेलाय म्हणून शपथेवर सांगणारा माणूस सगळ्यांत आधी बाहेर पळाला, मग वॉर्डबॉय, मग मी. सलाइन लावलेला पेशंट तेवढा बिचारा जागेवर राहिला. आता आम्ही सांगतो, बाबांनो, फोटो काढा आणि तोही लांबून. साप शोधण्यात वेळ घालवू नका.

मी नर्स व्हायचं ठरवलं तेव्हा घरात सुतकी चेहरे झाले होते. बाबा कारकून, काका शिक्षक, घरात पांढरपेशा असण्याचा मोठा रुबाब. आत्या तोंडावर म्हणाली, "लोकांचं हगणं-मुतणं काढणार का आता?" हो आत्या, काढलं. अजूनही काढते. आणि खरं सांगू? ऑपरेशननंतर अडकलेली लघवी एखाद्या म्हाताऱ्याला झाली की अख्ख्या वॉर्डाला जो आनंद होतो, तो मी कुठल्या लग्नातही पाहिला नाही. शेजारच्या खाटेवरचा अनोळखी माणूस उठून बसतो, "झाली का काका? झाली? बरं झालं!" म्हणतो, एखादी बाई आपल्या डब्यातला शिरा वाटते. आत्याला हे समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलं.

ह्या नोकरीत समाधान कशात आहे, असं मला पुष्कळजण विचारतात. विचारण्याचा सूर बहुतेक वेळा कीव केल्यासारखा असतो. मी सांगते, ज्या बाळाची शीर दोन जणींना सापडली नाही ती मला सापडते, त्यात आहे. लूमवर काम करणाऱ्या माणसाची बायको, मराठीचा एक शब्द न येणारी, पोराला पोटाशी धरून रांगेत मागे सरकते आणि म्हणते, "नहीं, सुई वो दीदी ही लगाएगी," त्यात आहे. ताप उतरलेल्या माणसाची उशी घामाने भिजते, ती बदलताना हाताला गार लागते, त्यात तर फार आहे. मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो लपवण्याइतकी मी सोज्वळ नाही. पण कापणीचे दिवस आले, अंगावर पेंढ्याचा वास घेऊन कुणी आलं, की मला हटकून रंजना आठवते. त्या गोष्टीला काही वर्षं झाली आता.

दिघाशीकडची रंजना. आडनाव विचारायलाही वेळ नव्हता त्या दिवशी. सकाळची ड्युटी नुकतीच सुरू झाली होती, खाटांवरच्या चादरी बदलून होत होत्या, तेवढ्यात टेम्पोतून तिला उतरवली. सासू हिराबाई बरोबर होती, काठापदराचं लुगडं कमरेला खोचलेलं, हात अजून भाताच्या धुळीने भरलेले. रंजनाच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं. हिराबाईने ओवा चावायला दिला, मग सोडा पाजला. मग सुनेच्या पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा तिला वाटलं, दुखणं थांबलं असेल, झोप लागत असेल. "निजू दे म्हटलं वायच. रातभर खळ्यावर होती," म्हणाली.

खळ्यावर म्हटल्याबरोबर आमच्या डॉक्टरांनी मान वर केली. "मावशी, खळ्यावर झोपली कशी होती? खाटेवर की खाली?"

"खालीच. गोणपाट टाकून. भात उघड्यावर हाय, कुणीतरी नको का राखायला? पोरगा माझा गोदामात, रातपाळीला."

डॉक्टरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मण्यार. हा साप जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावतो ते बऱ्याचदा कळतसुद्धा नाही. सूज नाही, रक्त नाही, दातांची खूण शोधून सापडत नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग मान उचलत नाही, मग हातपाय, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू. आम्ही इंजेक्शनं सुरू केली, पण विष आमच्या पुढे निघून गेलं होतं. तिची छाती वरवर हलत होती, ओठांचा रंग जात होता. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि मी नळीला पिशवी जोडून दाबायला घेतली. रबरी फुग्यासारखी पिशवी असते, आम्ही तिला अंबू म्हणतो. दाबली की हवा आत, सोडली की बाहेर. श्वास देण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, ते ठाण्याला. तोवर यंत्र म्हणजे माझे हात.

बाहेर तेव्हाच एक अडलेली बाळंतीण आली होती. डॉक्टर एकच. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही घेऊन जाल?" मी तोपर्यंत स्ट्रेचरबरोबर चालू लागले होते.

अँब्युलन्स चालवायला सलीमभाई होते. मागे मी, खाली स्ट्रेचरवर रंजना, समोरच्या बाकावर हिराबाई. दार लागलं, सायरन सुरू झाला आणि हिराबाईने हंबरडा फोडला. "गेली गो माझी सून! सवाशीन गेली गो माझी!" तिचं काही चुकत नव्हतं. समोर दिसत होतं ते तसंच होतं. डोळे मिटलेले, हात उचलून सोडला तर धप्पकन पडतोय, तोंडात नळी. तिने कनवटीची पुडी सोडली, बोटावर कुंकू घेतलं आणि रंजनाच्या कपाळावर आडवं ओढलं, गेलेल्या सवाष्णीचा मळवट भरतात तसं. मग पुढच्या जाळीवर हात आपटायला लागली.

"गाडी फिरव रे दादा! घरी चल! तिकडं नेऊन फाडतील तिला. अख्खी न्यायची हाय मला घरी, अख्खी!"

आमच्याकडे ही भीती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी असते. साप चावून मेलेल्याची चिरफाड होते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि माणूस जाणारच असेल तर तो शिवलेला परत येऊ नये म्हणून लोक अर्ध्या रस्त्यातून वळतात. घरी नेतात, अंगणात ठेवतात, आणि ज्याचं काळीज व्यवस्थित चालू आहे त्याचा श्वास तिथे बंद पडतो. सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, क्या करूं?"

"चलाते रहो," मी म्हणाले. मग हिराबाईकडे वळले. माझे हात गुंतलेले होते, नाहीतर मी तिला धरून गदागदा हलवलं असतं. "मावशी, रडणं बंद! एकदम बंद! ती मेलेली नाही. ती जागी आहे. तुम्ही बोलताय ते सगळं तिला ऐकू येतंय."

"ऐकू येतंय?"

"येतंय. मण्यारीचं विष अंग बांधून टाकतं, कान नाही बांधत. डोकंही नाही."

हिराबाईचा विश्वास बसला नाही, आणि माझ्याकडे तिला पटवायला वेळ नव्हता. मी खाली वाकले. "रंजना, मी सिस्टर बोलतेय. तुझा श्वास मी चालवतेय, तू घाबरू नकोस. ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव."

काही झालं नाही. गाडी खड्ड्यात आदळली, पाय हलले, पण ते खड्ड्याने. मी पुन्हा म्हटलं. हिराबाई पुतळ्यासारखी त्या पायांकडे बघत बसली. जोडवी घातलेल्या बोटाशेजारचा अंगठा हलला. अगदी थोडा, माशी बसल्यावर हलावा इतकाच. पण गाडी तेव्हा सरळ रस्त्यावर होती.

हिराबाईने दोन्ही हातांनी ते पाऊल धरलं. पदराने सुनेच्या कपाळावरचं कुंकू पुसलं, मग काय वाटलं कोण जाणे, नेहमी लावतात तसं नीट गोल टेकवलं. "आता काय करू, बाय?" तिने मला विचारलं.

"बोला तिच्याशी."

"काय बोलू?"

हा प्रश्न मात्र खरा अवघड होता. ह्या दोघी एका चुलीवर बारा महिने रांधणाऱ्या, पण बोलायचं म्हटल्यावर हिराबाईला काही सुचेना. शेवटी जे रोज बोलायची तेच सुरू केलं. "रंजे, भात झोडायचं पडलंय अजून. मी एकटी काय करणार? पेंढा कोण रचणार, तुझा बाप?" मी म्हटलं चालेल, भांडा, पण बोलत राहा. आणि भांडता भांडताच तिचा आवाज फुटला. "उठ गो माझे बाय. मी तुला परत टाकून बोलणार न्हाय. खळ्यावर मीच निजवली तुला. मी निजायला हवी होती. तू उठ, ह्यापुढं घरात तुझा शब्द. तू म्हणशील ती भाजी, तू म्हणशील तेव्हा माहेरी जा. जा, चार दिवस राहून ये, मी न्हाय काय बोलणार."

मी नवीन असताना आमच्या एक जुन्या इनचार्ज सिस्टर होत्या. त्यांनी मला अंबू धरायला शिकवलं होतं. घाबरलं की हात पिशवी भराभर दाबायला लागतो आणि पेशंटचं वाईट होतं. त्या म्हणायच्या, "पेशंटशी बोलत बोलत दाब. वाक्य बोलायचं, थांबायचं, दाबायचं. बोलणं शांत ठेवलंस की हात आपोआप शांत राहतो." म्हणून हिराबाई दम खायला थांबली की मी सुरू करत होते. काय बोलणार? जे खिडकीतून दिसत होतं ते. "रंजना, आता अंजूरफाटा आला. सिग्नल सोडला आपण. आता उजव्या हाताला टाइल्सची दुकानं आहेत. आता एक म्हैस आडवी आली होती, सलीमभाईंनी तिला शिव्या दिल्या, त्या तुला सांगत नाही."

हल्ली नवीन मुली येतात त्यांना प्लास्टिकच्या पुतळ्यावर अंबू शिकवतात. हुशार असतात, माझ्यापेक्षा नीट धरतात. पण पुतळ्याशी कोण बोलणार? म्हणून परवाच मी एकीला म्हटलं, त्या पुतळ्याला नाव दे आणि आज डब्यात काय आणलंयस ते सांग त्याला. ती लाजली, बाकीच्या हसल्या. मग एका पुतळ्याला दुधी भोपळ्याच्या भाजीवरून बरीच तक्रार ऐकून घ्यावी लागली.

मानकोलीला गाडी अडकली. ते व्हायचंच होतं. ट्रेलरमागे ट्रेलर, मधे टेम्पो, मधे रिक्षा, दिवाळीचा माल निघालेला. सायरन वाजत होता, पण जागाच नाही तर ट्रकवाला सरकणार कुठे? "मॅडम, आगे पूरा पॅक है," सलीमभाई म्हणाले आणि त्यांचाही आवाज पडला. माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत आग झाली होती. हात बदलत होते, पण दुसराही तसाच. हवा गरम, डिझेलचा धूर आत येत होता. मी तिच्या छातीकडे बघत होते. दाबलं की वर, सोडलं की खाली. मी थांबले तर ती थांबणार, एवढंच डोक्यात होतं. तिथे बाकी काय बोलले, काय केलं, ते मला धड आठवत नाही.

एवढं आठवतं की काचेवर कुणीतरी थाप मारली. रंजनाचा नवरा, प्रकाश. रातपाळी संपवून तो निघाला होता, गावातून फोन गेला म्हणून आमच्या गाडीची वाट बघत नाक्यावरच थांबला होता. त्याने आत एकदा पाहिलं. रडला नाही, विचारलं नाही, वळला आणि पळत सुटला. मग गोदामातली त्याची माणसं आली, ती चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं घातलेली. रोज ट्रक आत-बाहेर घेणारी माणसं ती, ह्या कामात त्यांचा हात कोण धरणार? "पीछे ले, पीछे ले! काट! और काट!" एकेका ट्रेलरच्या बॉनेटवर हात आपटत, कुणाला मराठीत, कुणाला भोजपुरीत दम देत त्यांनी बोटभर बोटभर जागा काढली आणि त्या फटीतून सलीमभाईंनी आरसे मिटवून गाडी काढली. प्रकाश मागचं दार उघडून आत आला आणि आईशेजारी खाली बसला. खाडीवरचा वारा लागला तेव्हा मला कळलं की आपण पुलावर आहोत.

ठाण्याला दारातच लोक उभे होते, डॉक्टरांनी फोन केला होता. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि माझी बोटं तशीच आकड्यासारखी वळलेली राहिली. सलीमभाईंनी चहा आणला, तो मला धरता येईना. दोन तळव्यांमधे ग्लास दाबून प्यायले. ते बाकावर शेजारी बसले आणि म्हणाले, "मॅडम, आज आपने दो लोगों की सांस ली." मी त्यांना म्हटलं, चहात साखर जास्त झालीय. दुसरं काही बोलले असते तर तिथेच रडले असते.

पुढचे काही दिवस वाईट गेले. मी कामात होते, बोटं शिवून जात होती, मुलं फटाक्याने भाजून येत होती, पण कान फोनकडे. मशीनवर आहे, एवढंच कळायचं. घरी करंज्या करताना मोहन घालायचं विसरले. मग एका दुपारी प्रकाशचा फोन आला. त्याने लगेच फोन हिराबाईला दिला. ती पलीकडून ओरडली, "बाय गो, डोळं उघडलं!" मी औषधांच्या कपाटाला टेकून उभी राहिले आणि मनसोक्त रडले. वॉर्डातल्या बायकांना वाटलं घरी काही झालं. सांगितल्यावर त्याही रडल्या. नंतर मला काही सन्मान मिळाले, शाल मिळाली, नर्स दिनाला गुलाबाची फुलं दर वर्षी मिळतात. त्या दुपारी कपाटाला टेकून जे वाटलं ते त्यांतल्या कशानेच वाटलं नाही.

भात झोडून घरात आलं, थंडी पडायला लागली, तेव्हा रंजना आली. मी ड्रेसिंगच्या खोलीत एका आजोबांना ओरडत होते. त्यांनी पट्टीखाली कसलातरी पाला भरून आणला होता. "काढा तो पाला! आधी काढा! जखम आहे का भाजीची टोपली?" बाहेरच्या बाकावर बसलेली एक बाई ताडकन उठली आणि दारात आली. सावळी, बारीक. मी तिला ओळखलं. तिने मला पाहिलंच नव्हतं कधी, आली तेव्हा पापण्या मिटलेल्या आणि उघडल्या त्या ठाण्याला. ती मागे वळून, नळीमुळे अजून खरखरणाऱ्या आवाजात सासूला म्हणाली, "आई, ह्याच त्या. आवाज हाच."

हिराबाई नव्या तांदळाची पिशवी घेऊन मागून आली. माझ्या हातात पिशवी कोंबत तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बाय, हिला सगळं ऐकू आलंय गो. सगळं! मी गाडीत काय काय कबूल केलं, ते एकेक आठवून देतंय मला. आता घरात माझं काय चालायचं?" रंजना पदर तोंडाला लावून हसली. दोन दिवस आधीच माहेरी राहून आली होती.

मी तिला आत बसवलं. आजोबा पाला काढत होते. मी विचारलं, "भीती वाटली का गं खूप?"

"तुम्ही सांगत होतात ना, हे आलं, ते आलं," ती म्हणाली. "मला दिसत काय नव्हतं, हलता येत नव्हतं. पण तुम्ही बोलत होतात तवर वाटत होतं, आपण गाडीत हाय. मग मधेच गाडी थांबली. आई गप्प. तुम्ही पण गप्प झालात. भोंगा पण ऐकू येईना झाला मला. मी म्हटलं, संपलं. हेच ते. गेले मी."

तिने माझा हात घेतला, उलटा केला, तळव्याकडे पाहिलं.

"आणि मग तुम्ही खोकललात," ती म्हणाली. "दोनदा. मग मला कळलं, मी अजून हाय."

नोकरीत मला शाबासक्या पुष्कळ मिळाल्या. सगळ्यांत मोठी मिळाली ती त्या खोकल्याची, आणि तो आल्याचं मला आठवतसुद्धा नाही.